उमेदवारीचा खर्च कोणी सोसायचा?

कोणताही हुन्नर हाती येण्यापूर्वी काही काळ नुकसानीचा जातो. शिकणाऱ्याच्या हातून सूत तुटते, सुई मोडते, माल बिघडतो. आणि शिकविणाऱ्याचे स्वतःचे कामही तेवढा वेळ खोळंबते. सुताराचा मुलगा बापाजवळ बसून रंधा मारावयास शिकत असे, तोवर हे नुकसान घरातल्या घरात जिरून जाई. कारखाना आला आणि शिकणारा परका झाला, तेव्हा प्रश्न उभा राहिला की, या उमेदवारीचा खर्च कोणी सोसायचा? शिकणाऱ्याने, मालकाने, की सरकारने?

आमच्या सुरतेत या प्रश्नाचे उत्तर बहुधा शिकणाऱ्याच्या पदरीच बांधले जाते. तापीच्या उत्तरेस मुंबई-बडोदे लोहमार्गावर असलेले कोसाड २००६ साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. एका बाजूस जुने गाव, दुसऱ्या बाजूस झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी बांधलेली कोसाड आवास ही मोठी वसाहत, आणि सभोवार कापडधंद्याचा पसारा. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून भुसावळ-सुरत गाडीने आलेल्या आपल्या कित्येक मंडळींचा संसार याच धंद्यावर उभा आहे. दहावीचा निकाल लागला की, शाळेत दाखल्यासाठी पालक येतात. "गुरुजी, आता याला खात्यावर लावतो. चार-सहा महिने फुकट शिकेल, मग हाताला लागेल," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, बोलणाऱ्याचा चेहरा तेवढा बदलतो. खाते म्हणजे इकडच्या बोलीत यंत्रमागाचा कारखाना. तेथे मुलगा ओळखीच्या कारागिराच्या बाजूला उभा राहून शिकतो. त्याला पगार नाही, करार नाही, हजेरीपटावर नाव नाही आणि शेवटी हाती कागदही नाही. पुढे खाते बदलले की, मागील अनुभवाचा पुरावा शून्य.

मालकाला सरसकट दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्याची अडचण खरी आहे. त्याने सहा महिने खर्च करून मुलगा तयार करावा आणि शेजारच्या खातेवाल्याने चार पैसे जास्त देऊन त्यास उचलून न्यावे, हे बाजारात नेहमी घडते. पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची, असा हा व्यवहार. म्हणून प्रत्येकाला तयार कारागीर हवा असतो, आणि तयार करावयाला कोणीच पुढे येत नाही.

ही कोंडी केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनने १९६४ साली औद्योगिक प्रशिक्षणाचा कायदा करून एक युक्ती काढली. एकेका उद्योगासाठी मंडळे नेमली. त्या मंडळांनी सर्व मालकांकडून पट्टी गोळा करावयाची, आणि जे खरोखर शिकवतील त्यांना त्यातून अनुदान द्यावयाचे. फ्रान्सने १९७१ साली कायदा करून मालकांवर वेतनखर्चाचा ठरावीक हिस्सा प्रशिक्षणासाठी लावण्याचे बंधन घातले. सिंगापूरने १९७९ साली मालकांकडून कर घेऊन कौशल्य-विकासाचा निधी उभारला. तत्त्व सर्वत्र एकच: शिकविण्याचा लाभ साऱ्या धंद्याला होतो, तर त्याचा भारही एकट्यावर पडू नये.

आपल्या देशात शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालीच झाला. त्यात उमेदवाराशी लेखी करार, त्याला विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र, अशी व्यवस्था आहे. परंतु खर्चाचा बोजा मुख्यतः मालकावरच राहिल्याने लहान कारखानदार त्यापासून दूरच राहिले. १९ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली, ती ही उणीव भरून काढण्यासाठी. तीत विहित विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, सरकारने सोसावयाचे ठरले. आरंभी ही रक्कम मालकास परत मिळे. ऑगस्ट २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवले. आपल्या मंडळींपैकी ज्यांनी भरतकामाची दोन-चार यंत्रे टाकली आहेत, ते बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्यावर सक्ती नाही, पण दार उघडे आहे.

गुजरात सरकारने २०१८ साली यात मुख्यमंत्री अप्रेंटिस योजनेची भर घातली. पदवीधर उमेदवारासाठी दरमहा ३,०००, पदविकाधारकासाठी २,००० आणि इतरांसाठी १,५०० रुपये असे साहाय्य तीत ठरविले गेले. आता हिशेब मांडून पाहू. २०१९ च्या नियमांप्रमाणे दहावी उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ६,००० रुपये. त्यातील १,५०० केंद्राचे आणि १,५०० राज्याचे धरले, तर मालकाच्या पदरचे ३,००० उरतात. म्हणजे जो मुलगा आज फुकट राबतो, त्याला सहा हजार मिळावेत आणि मालकाला मात्र निम्मेच द्यावे लागावेत, अशी ही योजना. दर वेळोवेळी बदलतात. म्हणून करार करण्यापूर्वी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी, हे उत्तम.

कापडधंद्यासाठी केंद्राच्या वस्त्र मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये 'समर्थ' ही योजना मंजूर करून घेतली. दहा लाख माणसांना शिकविण्याचे उद्दिष्ट आणि १,३०० कोटी रुपयांची तरतूद. कापड व तयार कपड्यांचे कारखानेही तीत प्रशिक्षण देणारे म्हणून सहभागी होऊ शकत. मात्र पैसा केवळ वर्ग भरविल्याबद्दल मिळत नसे. हजेरी बोटाच्या ठशाने, शेवटी त्रयस्थाकडून परीक्षा, आणि संघटित क्षेत्रात शिकलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांना काम लावून देण्याची अट. सरकारी पैशाला असे कुंपण घालणे आवश्यकच असते. महाराष्ट्राने २०२४ साली काढलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर सहा महिन्यांचे संपूर्ण विद्यावेतन, शिक्षणानुसार दरमहा ६,००० ते १०,००० रुपये, सरकारनेच देण्याचे ठरविले. मालकाला काहीच द्यावे न लागणे हे शिकवणीच्या दृष्टीने कितपत हितावह, याविषयी आम्ही साशंक आहोत. ज्यात आपला पैसा नाही, त्यात आपले लक्षही राहत नाही.

धंद्याच्या शिक्षणासाठी राज्याने पैसा खर्चावा, हा विचार गुजरातेतील मराठी माणसाला नवा नाही. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले, आणि त्याची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. गज्जर हे मूळचे सुरतेचेच. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या यांचे शिक्षण तेथे देशी भाषेतून देण्यात आले. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. हातात कसब आणि ते शास्त्र म्हणून समजावयास बुद्धी, असा मेळ घालावयाचा तर संस्थानाच्या तिजोरीतून खर्च व्हावयास हवा, हे त्या राजाने ओळखले होते.

मग आज योजना असूनही मुले फुकट का शिकतात? याची कारणे आम्हांला तिन्ही बाजूंस दिसतात. मालकाला कागदपत्रांचा आणि त्याहून अधिक तपासणीचा धसका असतो. संकेतस्थळावर नोंदणी, करार, दरमहाची हजेरी या गोष्टी हिशेबनीसाला अवघड नाहीत. पण ज्याच्या खात्यावर मुळात हजेरीपटच नाही, त्याला त्या अडचणीच्या वाटतात. पालकाला उद्याची घाई असते. ओळखीच्या माणसाने "उद्यापासून पाठवा" म्हटले की, वर्षभराच्या कराराचा विचार त्याला लांबचा वाटतो. आणि आम्ही शिक्षक मंडळी दाखल्यावर सही करतो, पण पुढची वाट दाखविणे हे आमच्या कामात धरत नाही.

दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. कायद्याने उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. त्यामुळे स्वस्त मजूर म्हणून त्याला वापरण्याचा मोह मालकाला होऊ शकतो. म्हणून काही गोष्टी घराघरांत ठाऊक असाव्यात. उमेदवाराचे वय किमान चौदा, आणि धोकादायक उद्योगांत अठरा असावे लागते. सल्लागार अधिकाऱ्याच्या संमतीवाचून त्याच्याकडून जादा तास काम करवून घेता येत नाही. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची. शिक्षण संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती कायद्याने मालकावर नाही. पण प्रमाणपत्र मुलाच्या नावाचे असते, आणि ते सुरतेत चालते तसे इंदुरात वा हैदराबादेतही चालते.

म्हणून या अंकाच्या वाचकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ज्यांचा मुलगा वा मुलगी यंदा शाळा सोडत आहे, त्यांनी आधार कार्ड, गुणपत्रक आणि बँक खात्याचे पुस्तक घेऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकदा जाऊन यावे. तेथे चौकशीला पैसे पडत नाहीत. ज्यांचे स्वतःचे छोटे खाते आहे, त्यांनी निदान एका उमेदवाराचा करार करून पाहावा. शेजारी त्याला पळवून नेईल ही भीती राहीलच; परंतु गल्लीतल्या दहा खातेवाल्यांनी एकेक मुलगा तयार केला, तर पळविण्याची गरजच कमी होईल. आणि ज्या बापाने स्वतः सहा महिने फुकट उभे राहून माग चालवावयास शिकले, त्याने मुलाकडूनही तेच घडावे असे का मानावे? त्या सहा महिन्यांचे मोल आता ठरलेले आहे. ते मागून घेणे एवढेच बाकी आहे.