तारेच्या कडेकडेनं

गेल्या जूनमध्ये भाच्याचा जर्मनीहून फोन आला. त्याच्या घरामागं हिरवळ आहे आणि तिच्यावर गवत कापायचं एक स्वयंचलित यंत्र फिरतं. कासवाएवढं बुटकं, आपलं आपण चालतं, बॅटरी उतरली की आपल्या घरकुलात जाऊन चार्जिंगला लागतं. हिरवळीच्या कडेनं जमिनीत बोटभर खोल एक तार पुरलेली असते. तिच्यातून हलकासा संकेत फिरतो आणि आपण तारेच्या आत आहोत की बाहेर, हे यंत्राला त्यावरून कळतं. त्या दिवशी यंत्र जागचं हलेना.

"मामा, मशीन सांगतंय कुंपणाची तार तुटलीय. पण तार तर मातीखाली. सगळी हिरवळ उकरू का?"

मी विचारलं, "घरकुलाला तारेची टोकं किती जोडलीत?"

"तीन."

"मग काही उकरू नकोस."

फोन ठेवल्यावर मी फळीवरची वह्यांची चळत खाली काढली. घोडेगावला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पण या वह्या मोटारींच्या नाहीत. शेताच्या कुंपणात विजेचे ठोके सोडणाऱ्या झटका मशीनच्या आहेत. पहिलीवर २००३ लिहिलंय. तारीख, गाव, मालकाची तक्रार, आणि शेवटच्या रकान्यात खरा दोष काय निघाला ते. जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यापासून भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत बावीस वर्षं मी तारांच्या कडेकडेनं चालतोय, त्याचा हिशेब त्यांत आहे.

आमच्या लहानपणी शेताला वई असायची. करवंदीच्या काट्या, निवडुंग, घायपात. भात पोटरीत आला की घरातलं कुणीतरी माळ्यावर राखणीला जायचं. रात्रभर डबा वाजवायचा, शेकोटी ठेवायची, आरोळ्या द्यायच्या. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून जातो, हे ज्यानं पाहिलंय त्याला त्या जागरणाची किंमत सांगावी लागत नाही. पुढं तरुण पोरं मंचर, चाकण, पुण्याकडं कामाला गेली. माळ्यावर बसायला म्हातारी माणसं उरली. झटका मशीन आमच्याकडं आलं ते या रिकाम्या माळ्यांवर.

मशीन तसं साधं. बारा व्होल्टची बॅटरी, ती भरायला सौर पत्रा, आणि सेकंदाला साधारण एक ठोका देणारी पेटी. ठोका काही हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळाचा. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात तार थंड असते. डुक्कर नाक लावतं, किंचाळतं, मागं सरतं आणि पुन्हा त्या वाटेला सहसा येत नाही. या कल्पनेला घरोघर नेणारा माणूस न्यूझीलंडचा, बिल गॅलघर. घोड्यानं आपल्या मोटारगाडीला अंग घासू नये म्हणून त्यानं १९३० च्या दशकात अशी जोडणी केली होती. गंमत अशी की माझ्या भाच्याच्या यंत्राची कूळकथाही सूर्यापासूनच सुरू होते. स्वीडनच्या हस्कवर्ना कंपनीनं १९९५ साली बाजारात आणलेलं गवत कापायचं तिचं पहिलं स्वयंचलित यंत्र सौरऊर्जेवर चालायचं.

पहिल्या दोन वह्या वाचताना मला आता वाईट वाटतं. तक्रारीच्या रकान्यात एकच वाक्य परत परत येतं, "मशीन चालत नाही." आणि मीही मशीनच उघडत बसलेला दिसतो. कार्ड बदललं, ट्रान्सफॉर्मर बदलला. शेतकऱ्याचे पैसे गेले, आठ दिवसांनी तो पुन्हा पायरीवर उभा. तिसऱ्या वहीपासून शेवटचा रकाना बदलतो. "तारेवर वेल." "कोपऱ्यावरचा इन्सुलेटर तडकलेला." "जोड गंजला." पेटी टक टक करतेय म्हणजे ती तिचं काम करतेय, दोष तिच्यापुढं आहे, एवढं उमजायला मला दोन वर्षं लागली.

तार तुटली असेल तर शोध सोपा. मशीनपासून निघायचं, लाइनच्या मध्यावर टेस्टर लावायचा. तिथं झटका आहे, तर दोष पुढच्या अर्ध्यात. नाही, तर मागच्या. पुन्हा त्या अर्ध्याचा मध्य. दोन किलोमीटरची लाइन असली तरी पाच-सहा वेळा टेस्टर लावला की आपण मोजक्या खांबांमध्ये येऊन पोचतो. भाच्याला मी हेच सांगितलं. त्याच्या तिसऱ्या टोकाची तार हिरवळीच्या मधून जाऊन पलीकडच्या बाजूला मुख्य तारेला मिळते, यंत्राला घरची वाट दाखवण्यासाठी. कुंपणाच्या तारेचं डावं टोक काढायचं आणि त्या जागी ही मधली तार लावायची. घरकुलावरचा दिवा बरोबर लागला तर उजवी बाजू शाबूत, तुटलंय ते डावीकडं. त्यानं अर्ध्या तासात उलटा फोन केला. डावीकडं, आठवड्यापूर्वी गुलाबाचं रोप लावलं होतं तिथंच, कुदळीचा घाव. आता त्याला फक्त जोड नीट घालायचा होता. पिळून वर टेप गुंडाळू नकोस, ओल आत शिरते आणि दोन महिन्यांनी तोच दोष परत येतो. जेल भरलेला बंद जोड मिळतो तो आण, असं मी बजावलं. आमच्याकडं हीच चूक वेगळ्या रूपात होते. घरात पडलेला तांब्याचा तुकडा जस्त चढवलेल्या तारेला पिळतात. दोन धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की जस्त झिजत जातं. वरून जोड घट्ट दिसतो, आतून सुटलेला असतो.

गळती मात्र माणसाचा घाम काढते. तार अखंड असते, मशीन वाजत असतं, फक्त झटका जनावराला मागं सारण्याइतका उरत नाही. भीमाशंकरच्या बाजूला आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे धुकं असतं. सौर पत्र्याला ऊन दिसत नाही, बॅटरी अर्ध्यावर. त्याच दिवसांत गवत कमरेएवढं होतं आणि बांधावरची कारवी तारेला टेकते. ओलं पातं तारेला लागलं की थोडा ठोका त्यातून जमिनीत उतरतो. एका पात्यानं काही होत नाही. दोनशे मीटर गवत टेकलं की तार मेल्यात जमा. तिकडं ते यंत्र दिवसभर गवत कापत हिंडतं आणि इकडं गवतच माझ्या तारा मारतं, हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याचे आजोबा याच भागात, तळेघरच्या वरच्या अंगाला भात लावायचे.

गळती शोधायला मी रात्री जातो. हातात मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर, काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी. मशीनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रेडिओत टक आवाज येतो आणि जिथं ठिणगी उडत असते तिथं तो कडकडतो. मग रेडिओ बंद करून कान द्यायचा. अंधारात निळी ठिणगीही दिसते कधी. कितीतरी दोष मी असे डोळ्यांआधी कानांनी पकडलेत.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. गवत वाळलेलं, ऊन भरपूर, बॅटरी तुडुंब, तरी झटका नाही. तेव्हा अर्थिंग बघायचं. ठोका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनच्या सळीकडं आला तरच फेरा पुरा होतो. मे महिन्यात माती कोरडीठाक पडते आणि ती वाट बंद होते. बहुतेक ठिकाणी हातभर सळई ठोकून काम उरकलेलं असतं. दोन-दोन मीटरच्या निदान तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, आणि उन्हाळ्यात तिथं रोज घागरभर पाणी. अनुदानातून कुंपण उभारताना ही गोष्ट कुणी समजावून सांगत नाही, याचा मला आजही राग येतो. राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्यातून सौर कुंपणाला मदत मिळते, ती चांगलीच गोष्ट आहे. पण साहित्य उतरवून घेतलं की कुंपण झालं, असं नसतं. रोज सकाळी एक माणूस तारेच्या कडेनं चालला पाहिजे, हातात विळा घेऊन.

एका पानावर तक्रार नाही, दोषही नाही. फक्त तारीख आणि गाव. ते पान मी कधी पुरं केलं नाही. मशीन बंद पडलं होतं, मी दोन दिवसांनी येतो म्हणालो होतो. पीक तोंडाशी आलेलं, डुकरं रोज येत होती. त्या घरातल्यानं रात्री घरातल्या लाइटची वायर सरळ तारेला जोडली. पहाटे त्यांचाच माणूस बांधावर गेला. झटका मशीनच्या ठोक्यात हात सुटतो, कारण मधे उसंत असते. घरातली २३० व्होल्टची वीज उसंत देत नाही. स्नायू आवळले जातात आणि हात तार सोडूच शकत नाही. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दरवर्षी कुठं ना कुठं माणसं जातात, गुरं जातात, डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्याही जातो. त्यानंतर मशीन दुरुस्तीला घेताना मी दुकानातलं दुसरं मशीन हातात देऊनच माणसाला परत पाठवतो. बदली मशीन नसेल तर काम घेत नाही.

तिसऱ्या प्रकारचा दोष वह्यांत फार उशिरा उगवतो. साधारण २०११-१२ च्या सुमाराला. तार धड, जोड धड, गवत कापलेलं, अर्थिंग ठीक, आणि तरी दर चार दिवसांनी तीच जागा मोडलेली. खांब वाकलेला, तार खाली. मी तीनदा खांब बदलून दिले. चौथ्यांदा मालकाची आई म्हणाली, "बाबा, ती सांबरांची पाण्याची वाट हाय. तू यायच्या आदीपासनं हाय."

तार बरोबर होती, ती ओढलेली जागा चुकली होती.

आमच्या या भागानं ही चूक फार मोठ्या प्रमाणावर भोगली आहे. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, उसाचे फड वाढले आणि बिबट्याची मादी फडातच पिल्लं घालू लागली. रान तिकडं, गाव इकडं, ही आमच्या डोक्यातली रेघ तिला ठाऊक नव्हती. २००१ पासून जुन्नर वनविभागात बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं त्याचा अभ्यास मांडला. स्थलांतराआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ते १७ वर गेले. उपाय म्हणून केलेल्या गोष्टीनं दुखणं वाढवलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला, तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या रानापर्यंत गेला. लोकांनी त्याला आजोबा म्हणून ओळखलं. महामार्ग, लोहमार्ग, शेतं, वस्त्या ओलांडत तो गेला आणि वाटेत त्यानं कुणाला इजा केल्याची नोंद नाही. त्याची रेघ त्याच्या पायांत होती. भीमाशंकर अभयारण्याची हद्द १९८५ मध्ये आखली गेली, १३० चौरस किलोमीटरच्या थोडी वर. नकाशावर ती ठळक आहे. शेकरू, भेकर आणि डुक्कर ती रोज ओलांडतात.

ऑगस्टमध्ये भाच्याचा दुसरा फोन आला. तार जोडली, दिवा बरोबर, तरी यंत्र एका कोपऱ्यातून बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या फुलांत थांबतं. कारखान्यात दाखवून आणू का, म्हणाला. मी जमिनीचा व्हिडिओ मागवला. तो कोपरा उताराचा होता. तार उताराच्या अगदी पायाशी. कोरड्या दिवसात यंत्र तारेपाशी वळायचं, पाऊस पडून गवत ओलं झालं की चाकं घसरायची. तार हातभर वर, सपाटीला घे म्हटलं. थोडं गवत हातानं कापावं लागेल. आता उपग्रहावर चालणारी बिनतारेची यंत्रं आलीत, तीच घ्यायला हवी होती असं त्याला वाटत होतं. पण झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला त्यांनाही आपली जागा नीट सापडत नाही. रेघ आकाशातून आली तरी ती कुठून न्यायची, ते जमिनीला विचारूनच ठरवावं लागतं.

त्या सांबरांच्या वाटेवरची तार आम्ही काढली. खाचराचा तो कोपरा बारा-पंधरा फूट सोडून दिला आणि लाइन आतून वळवली. मालकाला पिशवीभर भात कमी होणार होता, त्यानं एक दिवस विचार केला आणि हो म्हणाला. खांब रोवताना लक्षात आलं, शिवेवरचा वाघोबाचा दगड जुन्या लाइनच्या आत आला होता. वाघबारशीला त्याला शेंदूर लावतात, दूध-भाताचा नैवेद्य दाखवतात, आणि एरवी तो तिथं एकटा असतो. मालकाची आई म्हणाली, "त्याला भायेर ठेव. त्याचं त्याला येऊ-जाऊ दे." आम्ही आणखी चार हात आत सरलो.

वहीत त्या गावाचं नाव त्यानंतर तीन वेळा येतं. दोनदा बॅटरी, एकदा वीज पडून पेटी जळाली. कोपऱ्याची तक्रार नाही.