कमाईचे दोन साक्षीदार

परदेशातील नोकरीसाठी पूर्वीचे उत्पन्न सिद्ध करताना बँकेच्या खातेउताऱ्याचे स्थान

गुडगाव, नोएडा, ग्रेटर नोएडा या दिल्लीलगतच्या शहरांतील बँक शाखांमध्ये साधारणतः २००६ ते २०१० या काळात एक आगळी मागणी घेऊन ग्राहक येत असत. बहुतेक जण तिशीच्या आतबाहेरचे; कुणी संगणक अभियंता, कुणी लेखापाल. त्यांना कर्ज नको असे, मुदत ठेवही नको असे. हवा असे तो गेल्या पंधरा महिन्यांचा खातेउतारा, आणि तोही प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का व अधिकाऱ्याची सही असलेला. गर्दीच्या वेळी पानामागून पान शिक्के मारताना कर्मचाऱ्याला प्रश्न पडावा असेच ते काम होते. पगार जमा झालेला उताऱ्यात स्पष्ट दिसतो आहे, मग हा खटाटोप कशासाठी?

त्या शिक्क्यांच्या मागे ब्रिटनचा एक नियम उभा होता. अर्जदाराने किती कमावले, हे त्याने स्वतः सांगून चालत नसे. ते इतर कुणीतरी सांगावे लागे, आणि तेही दोघांनी.

कौशल्याचे माप

कुशल परदेशी व्यक्तींना ब्रिटनमध्ये येता यावे म्हणून तेथील सरकारने जानेवारी २००२ मध्ये ‘हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम’ सुरू केला. या योजनेत आधी नोकरी मिळवण्याची अट नव्हती. शिक्षण, अनुभव, पूर्वीचे उत्पन्न अशा निकषांवर गुण मिळत आणि ठरावीक गुण झाले की परवानगी मिळे. नोव्हेंबर २००६ मध्ये निकष बदलले. कामाच्या अनुभवाचे स्वतंत्र गुण रद्द झाले आणि वय, शिक्षण व पूर्वीची कमाई यांवर भर आला. एखाद्याचे कौशल्य किती, हे बाजाराने त्याला दिलेल्या मोबदल्यावरून ठरवावे, असा त्यामागचा विचार होता. भारतातील रुपयांतल्या पगाराची ब्रिटनमधील पगाराशी सरळ तुलना करणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून देशांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी वेगळे प्रमाण ठरवण्यात आले होते.

एप्रिल २००८ पासून भारतातील अर्जदारांसाठी या योजनेची जागा ‘टियर १ जनरल’ या प्रवर्गाने घेतली. अर्जापूर्वीच्या पंधरा महिन्यांतील सलग बारा महिन्यांची कमाई दाखवायची आणि तिच्या पुष्ट्यर्थ दोन वेगवेगळ्या स्रोतांची कागदपत्रे जोडायची, ही अट कायम राहिली. नोकरदारासाठी हे दोन स्रोत बहुधा ठरलेले असत. एक मालकाने दिलेली वेतनचिठ्ठी, म्हणजे सॅलरी स्लिप. आणि दुसरा बँकेचा खातेउतारा.

एकाच रुपयाच्या दोन नोंदी

दोन साक्षीदार हवेत, याचे कारण सोपे आहे. वेतनचिठ्ठी मालक देतो आणि ती संगणकावर कुणालाही तयार करता येते. बँकेची नोंद अर्जदाराच्या हातात नसते आणि मालकाच्याही. दोन्ही कागद एकमेकांशी जुळले, तरच तपासणाऱ्याची खात्री पटते.

हे जुळणे वाटते तितके सरळ नाही. समजा, एखाद्या अभियंत्याचे एकूण वेतन दरमहा ६०,००० रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे ३,००० आणि प्राप्तिकराचे ४,००० रुपये कापले गेले. आणखी २,००० रुपये भोजनाच्या कूपनांच्या रूपाने हाती आले. खात्यात जमा झाले ५१,०००. उताऱ्यावर ५१,००० दिसतात आणि अर्जात ६०,००० लिहिलेले असतात. मधल्या ९,००० रुपयांचा हिशेब वेतनचिठ्ठीने ओळीगणिक द्यायला हवा. ती चिठ्ठी हरवली असेल किंवा तिच्यावर कंपनीचे नाव व शिक्का नसेल, तर खरी कमाईही अपुरी ठरते.

याहून कठीण अवस्था होते ती अर्धा पगार खात्यात आणि अर्धा पाकिटात घेणाऱ्यांची. छोट्या आस्थापनांमध्ये अशी पद्धत पाहायला मिळते. त्या वेळी ती दोन्ही बाजूंना सोयीची वाटते. पुढे पाकिटातल्या पैशांची कुठेच नोंद सापडत नाही, आणि मेहनतीने मिळवलेले उत्पन्न कागदावर अस्तित्वातच राहत नाही.

आकडे जुळले नाहीत तेव्हा

पूर्वीच्या कमाईचा प्रश्न अर्जापुरता संपला नाही. २००६ चे नवे निकष आधीच ब्रिटनमध्ये येऊन स्थिरावलेल्यांनाही लागू करण्यात आले. मायदेशातील नोकरी सोडून, घर आवरून गेलेल्या कुटुंबांपुढे परतीचे संकट उभे राहिले. त्यांच्या वतीने ‘एचएसएमपी फोरम’ ही संघटना न्यायालयात गेली. एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. जुन्या नियमांवर विश्वासून आलेल्यांना मध्येच नवे नियम लावणे अन्यायाचे आहे, असे न्यायालयाने मानले.

दुसरे संकट दशकभराने आले. ‘टियर १’ मधून गेलेल्या अनेकांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज केले, तेव्हा ब्रिटनच्या गृहखात्याने त्यांचे जुने कागद पुन्हा उघडले. व्हिसाच्या अर्जात सांगितलेले उत्पन्न आणि कर खात्याला कळवलेले उत्पन्न शेजारी ठेवून पाहिले गेले. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांच्या बाबतीत काही ठिकाणी हे आकडे वेगळे निघाले. मग अर्जदाराचे वर्तन आक्षेपार्ह असल्याचा ठपका ठेवून अर्ज फेटाळले गेले. ज्या नियमाखाली हे घडले, त्याच नियमात राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरणाऱ्या व्यक्तींचाही उल्लेख होता. त्यामुळे अनेक वर्षे तेथे राहिलेल्या, मुले तेथील शाळांत शिकत असलेल्या कुटुंबांना हा ठपका फार लागला.

एप्रिल २०१९ मध्ये ‘बालाजीगारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने या पद्धतीत दोष दाखवला. आकड्यांत फरक आढळला एवढ्यावरून अप्रामाणिकपणा सिद्ध होत नाही, आणि अर्जदाराला खुलासा करण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मात्र खुलासा करायचा तर जुने कागद हवेत. ज्यांनी ते जपले होते, त्यांना आपली बाजू मांडणे सोपे झाले. एकच उत्पन्न दोन कार्यालयांना दोन तऱ्हेने सांगू नये, हा या साऱ्या प्रकरणाचा धडा आहे.

नाव एकच, लेखन अनेक

आकड्यांइतकाच घोटाळा नावांमुळे होतो. महाराष्ट्रीय माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. पासपोर्टवर तिन्ही येतात. दिल्लीत उघडलेल्या पगाराच्या खात्यावर मधले नाव गळते, आणि कंपनीच्या दप्तरात त्याचे आद्याक्षर तेवढे उरते. विवाहित स्त्रियांची अडचण अधिक मोठी. लग्नानंतर आडनावासह मधले नावही बदलते आणि काही घरांत पहिले नावसुद्धा. लग्नापूर्वीचा पगार माहेरच्या नावाच्या खात्यात जमा झालेला असतो. तो आपलाच होता, हे दाखवण्यासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद सोबत असावी लागते. नाव बदलताच बँकेला लेखी कळवले, तर पुढचा त्रास वाचतो.

आजची स्थिती

ब्रिटनचा ‘टियर १ जनरल’ प्रवर्ग देशाबाहेरील अर्जदारांसाठी डिसेंबर २०१० मध्ये बंद झाला. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसात पूर्वीच्या कमाईला गुण नाहीत. तेथे मान्यताप्राप्त मालकाने देऊ केलेली नोकरी आणि तिचे वेतन पाहिले जाते. तरीही जुन्या पगाराचे कागद निरुपयोगी झालेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत परदेशातील अनुभवाला तीन, पाच आणि आठ वर्षांच्या टप्प्यांवर गुण मिळतात. तो अनुभव सशुल्क होता, हे दाखवण्यासाठी वेतनचिठ्ठ्या, कराची कागदपत्रे व खातेउतारे कामी येतात. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त मालकाच्या अनुभवपत्रात पगार आणि आठवड्याचे कामाचे तास नमूद असावे लागतात. निधीचा पुरावा द्यायचा असल्यास बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही द्यावी लागते.

ग्राहकांनी जपावयाच्या गोष्टी

• दरमहाची वेतनचिठ्ठी स्वतःच्या संग्रहात उतरवून ठेवावी. नोकरी सोडताच कंपनीचा ईमेल बंद होतो.

• नोकरी बदलल्यावर जुने पगाराचे खाते दुर्लक्षून सोडून देऊ नये. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार न केल्यास ते निष्क्रिय ठरते. खाते बंदच करायचे असेल, तर आधी संपूर्ण उतारा घ्यावा.

• बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षे जपाव्या लागतात. त्याहून जुना उतारा हमखास मिळेल, असे गृहीत धरू नये.

• करकपातीची प्रमाणपत्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक वर्षवार लावून ठेवावे. एखादी कंपनी पुढे बंद पडली, तर हेच कागद साक्ष देतात.

• अर्ज करण्यापूर्वी त्या त्या देशाचे अद्ययावत नियम अधिकृत ठिकाणीच पाहावेत.

शाखेतील सहकाऱ्यांसाठीही या विषयात एक स्मरण आहे. ‘बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट’ हा कायदा १८९१ सालचा. बँकेच्या वह्यांतील नोंदीची विधिवत प्रमाणित प्रत न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जावी, असे तो सांगतो. वह्यांच्या जागी संगणक आले, तरी हा विश्वास संपला नाही. गुडगावची नोकरी, नोएडाचे खाते आणि कोल्हापूरचे घर असलेला ग्राहक उतारा मागायला येतो, तेव्हा तो शिक्क्यासाठी ताटकळत उभा असतो. त्याचे नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, एखादे पान सुटले नाही ना, सही वाचता येते ना, एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात.