काळी माती आणि काळा बर्फ

हिंगोली जिल्ह्यात बर्फ पडत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीसारखा प्रसंग सोडला, तर बर्फाने झाकलेला रस्ता इकडे कोणी पाहत नाही. तरीही थंड प्रदेशात हिवाळ्यात वाहन चालविणाऱ्यापुढे जी अडचण असते, तीच सेनगाव किंवा औंढ्याकडच्या शाळेत मोटारसायकलने जाणाऱ्या शिक्षकापुढे दरवर्षी निदान दोनदा उभी राहते. एकदा मृगाच्या पहिल्या सरींत आणि पुन्हा सोयाबीनच्या काढणीत परतीचा पाऊस आला म्हणजे. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरी रस्त्यावर आणून टाकतो. तिच्यावर पावसाची भुरभुर झाली की तेवढ्या पट्ट्यात रस्त्याची जातच बदलते.

ब्रेक चाक थांबवतो. वाहन थांबते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. हे घर्षण किती, ते घर्षण गुणांक सांगतो. कोरड्या डांबरावर तो सुमारे ०.७ असतो, ओल्या डांबरावर ०.४ च्या आसपास, तर गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ओल्या चिकणमातीच्या थरासाठी आपण ०.२ धरू. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला घर्षण गुणांक आणि गुरुत्व त्वरण यांच्या दुप्पट गुणाकाराने भागायचे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाला कोरड्या रस्त्यावर सुमारे ७ मीटर लागतात, चिखलावर २५ आणि बर्फावर ५१. म्हैस आडवी आल्याचे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर प्रत्येक आकड्यात आणखी १० मीटर मिळवावे लागतात. वेग ताशी ५४ केला तर चिखलावरचे एकूण अंतर ७२ मीटरवर जाते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

या सूत्रात वस्तुमान नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. भरलेली ट्रॉली जड असल्याने रस्ता घट्ट पकडते, हा समज गावोगाव आढळतो. तिचे घर्षण वाढते हे खरे, पण थांबवायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते.

आता काळी माती एवढी निसरडी का? ती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असे पातळ पापुद्रे असतात. पाणी या पापुद्र्यांच्या थरांमध्ये शिरते, माती फुगते आणि पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकू लागतात. (उन्हाळ्यात पाणी गेल्यावर याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.) नुसते पाणी असेल तर टायरच्या खाचा ते बाजूला ढकलतात. दाट चिखल तसा पटकन हटत नाही, उलट खाचाच बुजवून टाकतो. मग नवा टायर आणि गुळगुळीत झालेला टायर यांत फारसा फरक उरत नाही. जोराचा पाऊस तासभर पडला तर रस्ता बराचसा धुऊन निघतो. धोका थोड्या पावसात अधिक असतो.

बर्फावर हेच काम पाण्याचा अतिसूक्ष्म थर करतो. वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत दिलेले असते. ते मोटारीला लागू पडत नाही. टायरचा दाब दोन-अडीच वातावरणांएवढा असतो आणि एका वातावरणाने बर्फाचा द्रवणांक अंशाच्या शंभराव्या भागानेही उतरत नाही. पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल बांधलेले असतात आणि घर्षणाच्या उष्णतेची त्यांत भर पडते. डांबरावर गोठलेला पातळ, पारदर्शक थर दिसत नाही, खालचे डांबरच दिसते. म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. आपल्याकडचा मातीचा थरही काळ्या रस्त्यावर असाच लपतो.

वळणावरही घर्षणच लागते. ३० मीटर त्रिज्येचे सपाट वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ५२ पर्यंत घेता येईल, चिखलावर मात्र जेमतेम २८. म्हणून वेग वळणापूर्वीच, सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात ब्रेक दाबला तर असलेले थोडे घर्षण दोन कामांत वाटले जाते. चाक जाम झाले की वाहनाला वळवता येत नाही आणि दुचाकीचे पुढचे चाक जाम झाले तर सावरायला वेळच मिळत नाही. दोन्ही ब्रेक हलके, थोडे आधीपासून दाबणे बरे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. ते चाक जाम होऊ देत नाही, हा मोठाच लाभ. पण रस्त्याचा घर्षण गुणांक ते वाढवू शकत नाही.

हा गुणांक शाळेत मोजता येतो. जुन्या टायरचा तुकडा विटेखाली बांधून शहाबादी फरशीवर ठेवावा आणि फरशीचे एक टोक हळूहळू उचलावे. वीट सरकू लागेल तेव्हाची उंची भागिले आडवे अंतर म्हणजे घर्षण गुणांक. आडवे अंतर १०० सेंटिमीटर असताना २० सेंटिमीटर उंचीवर वीट घसरली, तर तो ०.२. फरशी आधी कोरडी घ्यावी, मग ओली, मग शेतातल्या काळ्या मातीने सारवलेली. शेवटची फरशी सावलीत वाळू देत दर दहा मिनिटांनी मोजणी करावी आणि सर्वांत कमी उंची कोणत्या टप्प्यावर येते, ते विद्यार्थ्यांना आलेखावर शोधू द्यावे.