वजनकाटा, रजिस्टर आणि ताईंचं डोकं

अंगणवाडीच्या पन्नास वर्षांच्या कागदपत्रांत मुलांच्या वजनांच्या नोंदी ढिगाने सापडतात. ती वजनं घेणाऱ्या बाईला रात्री झोप लागते का, हे विचारणारा रकाना मात्र त्या ढिगात नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आली दोन टोकं: मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. एकीकडे पावसाळ्यात रस्ताच बंद होणारी कोरकू गावं, दुसरीकडे दहा बाय दहाच्या खोलीत गच्च भरलेली वस्ती. दोन्हीकडे दर अंगणवाडीला एकच सेविका, एकच मदतनीस आणि सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि आयाबायांना आहार-आरोग्याचे धडे. सेविका मॅट्रिक असेल तर महिना १५० रुपये, नसेल तर १००. ती सरकारची नोकर नव्हती. समाजसेवेची आवड असलेली गावातली बाई फावल्या वेळात हे करील, असा हिशेब होता. पुढच्या पन्नास वर्षांतल्या बहुतेक डोकेदुखीचं मूळ या हिशेबात आहे.

हा हिशेब हवेतून आला नव्हता. १९४५ साली ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणातच शाळा भरवली गेली. मुलांना आंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरणं यापासून या बायकांचा दिवस सुरू होई. हे काम व्रत म्हणून झालं आणि व्रतस्थ माणसाला कुणी दमलात का असं विचारत नाही. सरकारने अंगणवाडी घेतली तेव्हा तिच्यासोबत व्रताची ही अपेक्षाही उचलली. फरक इतकाच की ताराबाई-अनुताई आपला दिवस कसा घालवायचा ते स्वतः ठरवत. धारणीच्या ताईचा दिवस प्रकल्प कार्यालय ठरवू लागलं.

१९७४ साली, म्हणजे योजनेच्या आदल्याच वर्षी, न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिणवट्यावर लेख लिहिला होता. मन लावून काम करणारी माणसंच आधी कशी विझतात, हे त्याने स्वतःच्या अनुभवावरून मांडलं. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने आणखी नेमकं बोट ठेवलं: कामाची मागणी जास्त आणि त्यात स्वतःच्या निर्णयाला वाव कमी, ही जोडी सर्वांत घातक. अंगणवाडी ताईचं नाव त्याने ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण तिच्या कामाचं वर्णन यापेक्षा चांगलं कुणी केलेलं नाही.

हे समजून घ्यायला वजनाचा एक दिवस पुरेसा आहे. दाराच्या चौकटीला किंवा आढ्याला साल्टर काटा टांगलेला असतो. आधी काटा शून्यावर आहे ना ते पाहायचं. मग मदतनीस मूल झोळीत बसवते, की ते भोकाड पसरतं, पाय झाडतं आणि काट्याची सुई थरथरत राहते. आई दारात उभी असते. वारंवार वजन केलं की पोराला दृष्ट लागते, असं तिच्या सासूने बजावून पाठवलेलं असतं. सुई क्षणभर थांबते तेवढ्यात आकडा टिपायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. हिरव्या पट्ट्यात पडला तर ठीक. पिवळ्यात गेला तर आईला समजवायचं. केशरीत गेला तर पर्यवेक्षिका, आरोग्य सेविका, कार्यालय, सगळीकडून ताईलाच प्रश्न, की तुमच्याच अंगणवाडीत हे मूल तीव्र कमी वजनाचं कसं?

वास्तविक त्या मुलाच्या पोटात काय जातं हे ठरवणारी रोजगार हमीची कामं, रेशन, आईचं लवकर झालेलं लग्न यांपैकी काहीच ताईच्या हातात नसतं. तिच्या हातात एक वाटी खिचडी असते. १९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू गाजले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्यानंतर आकड्यांवरचा पहारा कडक झाला. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन आलं, तीव्र कुपोषित मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्रं आली. यांतून कामाला दिशा मिळाली हे मान्यच करायला हवं. मात्र खरा आकडा लिहिला तर जाब आणि सौम्य आकडा लिहिला तर मुलाशी प्रतारणा, ही कोंडी सुटली नाही. ती ताईसोबत घरी जाते.

मधल्या काळात पसारा वाढत गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक वस्तीपर्यंत अंगणवाडी नेण्याचा आदेश दिला आणि २००६ मध्ये देशभर १४ लाख अंगणवाड्यांचं लक्ष्य ठरवून दिलं. त्याच २००६ च्या डिसेंबरात कर्नाटकच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका शासकीय पदावर नाहीत असंही सांगितलं. काम सार्वत्रिक हक्काचं आणि ते करणारी मात्र मानसेवी, असा हा प्रकार. २०१२ च्या सुमारास नोंदींची नवी पद्धत आली, ती ११ रजिस्टरांची. जोडीला पोलिओ, जनगणना, मतदार यादी होतीच. मुलांना गोष्ट सांगायची वेळ आणि माहिती भरायची वेळ एकच ठरली. रजिस्टर तपासलं जातं, गोष्ट तपासली जात नाही. मागे काय पडलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मग रजिस्टराची जागा मोबाईलने घेतली. २०१८ मध्ये पोषण अभियान आलं, राज्यात सेविकांना फोन वाटले गेले आणि १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप सुरू झालं. फोन दोन जीबी रॅमचे. तापायचे, अडकायचे आणि दुरुस्तीचा खर्च ताईंच्या पदराला पडायचा. ॲप सुरुवातीला इंग्रजीत होतं. दहावी शिकलेल्या, पंचावन्न वर्षांच्या बाईला नातवाकडून पोराचं नाव रोमन लिपीत टाकून घ्यावं लागे आणि नोंद दिसली नाही तर मानधन कापण्याची भीती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ताण हलका करण्याचा याहून थेट उपाय सापडणं कठीण.

त्याआधीचं वर्ष करोनाचं. अंगणवाड्या बंद आणि ताई रस्त्यावर. गहू, डाळ, हरभऱ्याची पाकिटं घरपोच द्यायची. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या पाहणीत दारोदार ताप मोजायचा. कालपर्यंत जिला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत, तिला लोक उंबऱ्याबाहेरून परत पाठवू लागले. ताईसाठी हे मानधनाच्या तुटवड्यापेक्षा जिव्हारी लागणारं होतं, कारण तिची खरी कमाई गावातली पत हीच.

पगाराची लढाई याच काळात समांतर चालू होती. ११ सप्टेंबर २०१७ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या. जवळजवळ महिनाभर ताणलेल्या या संपातून सेविकेचं मानधन ५,००० वरून ६,५०० झालं. पुढच्याच मार्चमध्ये सरकारने त्यांना मेस्मा हा अत्यावश्यक सेवांचा कायदा लावला, विधिमंडळात गदारोळ झाला आणि निर्णय स्थगित करावा लागला. ज्यांना कर्मचारी मानत नाहीत त्यांना अत्यावश्यक कर्मचाऱ्यांचा कायदा लावणं, ही गंमत त्या वेळी अनेकांच्या लक्षात आली. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या दाहोदमधल्या प्रकरणात सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला, खंडपीठात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक होते. २०२३ मध्ये सेविकेचं मानधन १०,००० झालं. ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि मानधनवाढीसाठी ४ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा संप झाला, तो ५२ दिवस चालला. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर आणखी वाढ जाहीर झाली.

या संपांकडे केवळ पैशाची भांडणं म्हणून पाहिलं की एक गोष्ट निसटते. शुभा शमीम, एम. ए. पाटील यांच्यासारखे नेते भाषणं करत असताना आझाद मैदानात बसलेल्या बाया एकमेकींना आपापल्या पर्यवेक्षिकेच्या, नवऱ्याच्या, बंद पडलेल्या फोनच्या कथा सांगत असत. आपल्यालाच जमत नाही असं वर्षानुवर्षं वाटणारीला पलीकडच्या जिल्ह्यातल्या बाईलाही जमत नाही हे कळतं, तेव्हा काहीतरी सैल होतं. कॅरासेकच्या मांडणीत पुढे १९८८ मध्ये जेफरी जॉन्सन आणि एलन हॉल यांनी सहकाऱ्यांच्या आधाराची भर घातली. बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, मासिक मिटिंगनंतर डबे उघडून बसणाऱ्या, भिशी लावणाऱ्या ताईंनी ती आपल्यापुरती कधीच घातली होती.

अलीकडे प्रशिक्षणांत ताणतणाव व्यवस्थापनाचं एखादं सत्र असतं. प्राणायाम, टाळ्या, थोडं हसणं. त्यात वाईट काही नाही. तासभर का होईना, ताई स्वतःसाठी बसते. फक्त सत्र संपल्यावर फोन उघडला की अपूर्ण नोंदी तशाच असतात आणि कितीही दीर्घ श्वास घेतला तरी सर्व्हर चालू होत नाही. पन्नास वर्षांत ताण जिथे खरोखर कमी झाला, तिथे काम बदललं होतं: मानधन वाढलं, निरुपयोगी यंत्र परत गेलं, किंवा ॲपची भाषा आपली झाली.

नवे ताण येतच आहेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ताईंनी भरले, मंजूर अर्जामागे ५० रुपयांच्या बोलीवर. पुढच्या वर्षी पडताळणीलाही त्याच फिरल्या आणि जिचे पैसे थांबले तिने जाब विचारला तो मंत्रालयाला नाही, शेजारच्या ताईला. जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ट्रॅकरवर जुळवणं सक्तीचं झालं. बाळंतीण माहेरी, नवऱ्याचा नंबर बदललेला, पाड्यावर रेंज नाही, अशा वेळी पाकीट द्यायचं की नाही? नोंदींच्या या वाढत्या ओझ्यावर अनेक बीटमध्ये आपसांतच वाटणी झाली आहे. तरुण सेविका मोठ्या वयाच्या ताईंच्या नोंदी भरून देतात आणि तेवढा वेळ त्या ताई दोन्ही अंगणवाड्यांतली मुलं एकत्र बसवून गाणी घेतात. कुठल्याही शासन निर्णयात ही तरतूद नाही.