आंबेडकर : आडनाव आणि स्थलनाम

गावावरून आडनाव पडणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. ‘कर’ या प्रत्ययाने माणसाचे गाव कळते, जात कळत नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे या मूळ गावावरून ‘आंबडवेकर’ हे नाव आले. आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांमुळे त्याचे ‘आंबेडकर’ झाले, असे परंपरेने सांगितले जाते. साताऱ्याच्या शाळेतील ७ नोव्हेंबर १९०० च्या नोंदीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ असेच नाव आढळते.

गावापासून निघालेले हे नाव पुढे गावांना परत मिळाले. उत्तर प्रदेशात १९९५ साली आंबेडकर नगर जिल्हा निर्माण झाला. बाबासाहेबांचे जन्मस्थान असलेले महू २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. गावोगावच्या वस्त्यांनी तर हे नाव त्यापूर्वीच धारण केले होते.

येथे एक भेद आम्ही वाचकांच्या ध्यानी आणू इच्छितो. गावकुसाबाहेरच्या वस्तीस हे नाव दिले, तर समाज सहसा अस्वस्थ होत नाही. परंतु ते सर्वांच्या संस्थेस द्यावयाचे म्हटले की विरोध उफाळतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि मराठवाड्यात आमच्या बांधवांची घरे जाळण्यात आली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तोही कित्येकांच्या बलिदानानंतर. आंध्र प्रदेशातील कोनसीमा जिल्ह्यास बाबासाहेबांचे नाव देण्याच्या प्रस्तावावरून २४ मे २०२२ रोजी अमलापुरम येथे जाळपोळ झाली. तरीही ते नाव त्याच वर्षी दिले गेले.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच आहे. तथापि ‘महारवाडा’ पुसून ‘भीमनगर’ लिहिले आणि वस्ती वेगळीच राहिली, तर नवे नावही जातीची खूण ठरते. जात न सांगणारे आडनाव जात सांगू लागते, हा दोष नावाचा नव्हे, कुसाचा आहे.

म्हणून फलक लावून आपले कार्य संपत नाही. ज्या वाटेवर तो फलक आहे, ती वाट सर्वांची व्हावी, हेच या नावाचे खरे स्मरण होय.