‘तोंड येणे’ : एक शब्दप्रयोग, दोन विकार

मराठीत अवयवाचे नाव व ‘येणे’ हे क्रियापद यांच्या संयोगाने विकाराचा निर्देश करण्याची रीत आहे. ‘डोळे येणे’ व ‘तोंड येणे’ ही तिची परिचित उदाहरणे होत. अशा प्रयोगात विकाराचे कारण सांगितलेले नसते. तोंड झोंबते, घास गिळवत नाही, एवढाच बोध होतो. घरगुती व्यवहारास तो पुरेसा आहे. परंतु कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत या एका प्रयोगाखाली निदान दोन भिन्न विकार येतात, आणि त्यांचे उपाय वेगळे असतात.

पहिला विकार औषधजन्य होय. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे त्वरेने विभागणाऱ्या पेशींना रोखतात. तोंडाचे अस्तर अशाच पेशींचे असल्याने ते विरळ होते आणि सुमारे आठवडाभरात त्यावर व्रण पडतात. मुखात जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती आढळल्या आहेत. अस्तर अखंड असेतो त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. ते फाटले व त्याच सुमारास पांढऱ्या पेशी घटल्या, म्हणजे एरवी शेजारी असलेले स्ट्रेप्टोकॉकस रक्तात शिरू शकतात. म्हणून अशा वेळी आलेला ताप ही तातडीची बाब ठरते.

दुसरा विकार कँडिडा या बुरशीचा. प्रतिजैविकांनी जिवाणू हटले व प्रतिकारशक्ती खालावली, की तिला मोकळी जागा मिळते आणि दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसू लागतो. या विकारावरील औषधांच्या इतिहासात पिंपरीचे नाव कोरले गेले आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्यास ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव देण्यात आले. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून ‘निस्टॅटिन’ हे नाव पडले, त्याच जातीचे हे नामकरण होय. या वर्गाची औषधे बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून ते सच्छिद्र करतात. जिवाणूंच्या पटलात ते द्रव्य नसते. सबब त्यांवर या औषधांचा परिणाम होत नाही, आणि औषधजन्य व्रणही त्यांनी टळत नाहीत.

प्रतिबंधाचा विचार याच भेदावर आधारलेला असावा लागतो. उपचारापूर्वी दंततपासणी, मऊ ब्रश, साध्या मिठाच्या पाण्याच्या चुळा ही दोन्हींची सामाईक पायरी. व्रण टाळण्यासाठी, औषध थोड्या वेळात शिरेतून दिले जात असेल व मूल सहकार्य करीत असेल, तर त्या वेळी बर्फाचे तुकडे तोंडात धरणे, तसेच अल्पशक्तीच्या लेसरचा प्रयोग, यांस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्थान आहे. पांढरा थर दिसल्यास मात्र तो घरी खरवडू नये. बिंबाणू घटलेल्या मुलास त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. दोन्ही विकार एकाच वेळी असणेही संभवते, म्हणून शंका असल्यास थराचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे इष्ट.

‘बाळाचं तोंड आलंय’ असे आई सांगते तेव्हा तिची भाषा चुकत नाही. ती केवळ लक्षण सांगते. कारण विचारून घेणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे. थर आहे की व्रण, औषधाचा कितवा दिवस, ताप आहे काय, हे तीन प्रश्न मराठीत विचारले गेले, तर तो एक प्रयोग दोन निदानांपर्यंत पोहोचवू शकतो.