दोष यंत्रात की आकड्यात?

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतील हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. त्याच दिवशी शहरातील काही केंद्रांवरची नोंद ४४ अंशांच्या आसपास होती. सेन्सर बिघडल्याने तो आकडा उमटल्याचे हवामान खात्याने पुढे स्पष्ट केले. ऊन कडक होतेच. पण ५६ अंश हा आकाशाचा नव्हे, उपकरणाचा दोष होता.

इतवारीतल्या किंवा गांधीबागेतल्या पेढीवरच्या लॅपटॉपबाबतही हीच पारख लागते. पडद्यावर ४० टक्के चार्ज दिसत असताना यंत्र एकाएकी बंद पडते आणि नवी बॅटरी आणण्याची घाई होते. वास्तविक बॅटरी थकलेली असेल, तिचे मोजमाप चुकले असेल किंवा नुकत्याच झालेल्या सॉफ्टवेअर अपडेटचा तो परिणाम असेल. रोजमेळ जुळला नाही म्हणून मुनीम वही फाडत नाही. चुकलेली नोंद शोधतो.

ही नोंद शोधण्याची सोय विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे टंकले की अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी दिसते. मूळ आकडा ५०,००० आणि आजचा २५,००० असेल, तर बॅटरी निम्मी झिजली आहे. दोन्ही आकडे जवळपास असतील, तर खर्चापूर्वी इतरत्र शोध घ्यावा. टक्केवारीच चुकत असेल, तर निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे बॅटरी एकदा बरीच उतरू देऊन सलग पूर्ण चार्ज केल्याने मोजमाप बहुधा ताळ्यावर येते.

झिजेमागे मुख्यतः वय, वापर आणि उष्णता असते. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीत चार्ज साठतो तो रासायनिक क्रियेने. उष्णतेत तिला मारक ठरणाऱ्या उपक्रिया वेगाने घडतात. पूर्ण चार्ज आणि तापलेली जागा हा संयोग सर्वांत घातक. अॅपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरण्यास सांगते. नागपूरचा मे महिना ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून लॅपटॉप उन्हातल्या मोटारीत ठेवू नये, गादीवर ठेवून चालवू नये आणि दिवसभर चार्जरला जोडलेला असेल, तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय वापरावी. बॅटरी फुगलेली दिसताच यंत्र बंद करावे. ती दाबू किंवा टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये.

अपडेटनंतर एखाद-दोन दिवस बॅटरी लवकर उतरते, कारण यंत्र आतल्या आत फायलींची सूची बनवण्यासारखी कामे करत असते. त्यानंतरही सुधारणा न झाल्यास ते अपडेट काढून टाकण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो. अपडेट कायमचे बंद ठेवणे मात्र महागात पडते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. उलट, १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि भारतातल्या विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

दोन्ही घटनांतून एकच शिस्त निघते: अपडेट टाळू नये, पण त्याची वेळ आपण ठरवावी. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची ‘जीएसटीआर-३बी’ची मुदत साधारणतः २० तारखेची, १९ तारखेच्या संध्याकाळी अपडेट सुरू करू नये. आधी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती उघडते का ते पाहावे, चार्जर जोडावा आणि मग दुकान वाढवल्यावर निवांतपणे अपडेट चालू करावे. बॅटरी पुन्हा विकत मिळते. वर्षभराची खाती मिळत नाहीत.